तंटामुक्त टाकी

आमच्या वरच्या मजल्यावरचे आप्पा भामरे माशांना समज देतात. समज म्हणजे पोलीस ठाण्यात बोलावून देतात, ती. टाकीसमोर प्लास्टिकची खुर्ची ओढायची, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा, काचेवर बोटाने दोनदा टकटक करायचं आणि म्हणायचं, "हे बघा, तुमच्याविरुद्ध तक्रार आलेली आहे." मासा आप्पांकडे बघतो, आप्पा माशाकडे बघतात. मग आप्पा एका लांबट वहीत लिहितात : 'गैरअर्जदारास तोंडी समज दिली. त्याने काही म्हणणे मांडले नाही.'

त्या वहीत या समजेखाली पंच म्हणून माझ्या सह्या आहेत. एक नाही, सात. मी शाळेत भूगोल शिकवतो, नाइलाजाने सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आणि आप्पांकडे चहा आलं घालून मिळतो. एवढाच माझा गुन्हा.

आप्पा मूळचे सटाण्याकडचे. माईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, गुडघ्यांची ऑपरेशनं नाशकात झाली, तेव्हापासून दोघं इंदिरानगरात आमच्या 'सौहार्द' अपार्टमेंटमध्ये राहतात. गावाकडे आप्पा तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. गावातली भांडणं कोर्टात न जाता गावातच मिटवायची, हे त्या समितीचं काम. आप्पांनी ती इतकी मन लावून मिटवली की शेवटी शेवटी नवराबायकोसुद्धा घरात कुजबुजून भांडायचे म्हणे. गावाला बक्षीस मिळालं, आप्पांना प्रमाणपत्र. ते फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलेलं आहे. देव बाजूला आहेत, थोडे खाली.

"बसून मिटवू" हा आप्पांचा मंत्र. दूधवाल्याने खाडा केला, बसून मिटवू. वरच्याने कुंडीचं पाणी खाली सोडलं, बसून मिटवू. एकदा मी लिफ्टमध्ये अडकलो होतो, तेव्हाही आप्पा बाहेरून धीर देत होते, "सर, घाबरू नका. आधी खाली बसा."

'सौहार्द'मध्ये भांडणांना तोटा नाही, म्हणून सुरुवातीला आप्पा खुशीत होते. पार्किंगवरून दोन बिऱ्हाडं तीन वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. आप्पांनी त्यांना गच्चीवर सतरंजीवर चार तास बसवलं. एकी झाली, नाही असं नाही. दोघांनी मिळून आप्पांविरुद्ध अर्ज दिला. मग मीटिंगमध्ये ठराव झाला की श्री. भामरे यांनी सभासदांच्या वादात पडू नये. तो ठराव सेक्रेटरी म्हणून मलाच लिहावा लागला. आप्पांनी तो वाचला आणि त्यातली एक ऱ्हस्वदीर्घाची चूक तेवढी दाखवली. त्यानंतर महिनाभर ते कुणाशी बोलले नाहीत.

मग माशांची टाकी आली.

मी आप्पांबरोबर दुकानात गेलो होतो. फायटर नावाचा तो निळा-लाल मासा, पदरासारखी शेपटी सोडून एका ग्लासात एकटाच होता. दुकानदार म्हणाला, "काका, फायटर एकटाच ठेवायचा. दुसऱ्या फायटरला तर जिवंत सोडत नाही. बाकी माशांचंही सांगता येत नाही."

"एकटा?" आप्पा म्हणाले. "म्हणजे वाळीत टाकायचा? कायद्याने गुन्हा आहे."

"काका, मासा आहे तो."

"असू द्या. भांडखोराला बाजूला काढलं म्हणून तंटा मिटत नसतो. चार जणांत नांदवला पाहिजे."

घरी दोन फुटी टाकी लागली. तीत फायटर, आठ गप्पी, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले सहा टायगर बार्ब, तळाशी वाळू हुंगत फिरणारे दोन मिशाळ मासे आणि एक गोगलगाय, असं गाव वसलं. तळाशी राहतात म्हणून मिशाळांना आप्पांनी तलाठी केलं. गोगलगाय सगळीकडे फिरते पण वेळेवर पोचत नाही, म्हणून ती कोतवाल. बार्ब सहाच्या सहा एका रांगेत, एका वेळी वळतात. त्यांच्यावर आप्पांचा फार जीव. त्यांना ते 'बचत गट' म्हणायचे. "बघा सर, एकोपा बघा. आपल्या मीटिंगला असा एक तरी ठराव झालाय का?"

प्रमाणपत्राकडे बोट दाखवून आप्पांनी त्याच दिवशी मला सांगून टाकलं, "सहा महिने, सर. सहा महिन्यांत फायटर या गावात नांदला नाही, तर ते मी भिंतीवरून उतरवीन."

गंमत चालली होती, म्हणून मी हसलो. आप्पा हसले नाहीत.

फायटर मात्र नावाला जागणारा. कुणी जवळून गेलं की गालफडं फुगवून अंगावर यायचा. कुणी जवळ नसलं की काचेत स्वतःला बघून फुगायचा. माई वॉकर धरून टाकीशी आल्या आणि त्यांनी बघताक्षणी आपल्या अहिराणीत निकाल दिला, "हाऊ ते आपला नाना भाऊजीच शे. फुगस भलता, पन मनमा काही नही."

आप्पांनी चष्मा काढून पुसला. त्यावर काहीच डाग नव्हता.

नाना म्हणजे आप्पांचा धाकटा भाऊ. मालेगावला सायकलींच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. दोघं दहा वर्षं बोललेले नाहीत. ती हकिकत आप्पांनीच मला सांगितली, आणि आधी अगदी अभिमानाने सांगितली. नानाच्या शेताला लागून पंडित नावाच्या शेजाऱ्याचं शेत. पंडित गरीब गाय, वर मान करून बोलणार नाही. नाना तापट. पंडित बांध कोरतो, म्हणजे नांगरताना दरसाल बांधातली थोडी थोडी जमीन आपल्यात ओढतो, असं नानाचं म्हणणं. एक दिवस तो भर चौकात पंडितच्या अंगावर धावून गेला. सगळ्या गावाने पाहिलं. प्रकरण समितीपुढे आलं. अध्यक्ष सख्खा भाऊ. त्याच वर्षी गाव बक्षिसाला बसलेलं.

"मी नानाला मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर पंडितची माफी मागायला लावली," आप्पा म्हणाले. "अख्खा तालुका म्हणाला, भामऱ्याने भावालासुद्धा सोडलं नाही."

"आणि नाना?"

"मागितली की माफी. हात जोडले." आप्पांनी कप खाली ठेवला. "पंडितला जोडले, पण बघत माझ्याकडे होता."

दुसऱ्या महिन्यात नानाने गाव सोडलं.

टाकीत तंटा सुरू झाला तो तिसऱ्या आठवड्यात. गप्पींच्या शेपट्या फाटलेल्या दिसायला लागल्या. संशयित कोण, हे विचारायचंच नव्हतं. आप्पांनी रीतसर सुनावण्या घेतल्या. तलाठी आणि कोतवाल यांची साक्ष झाली. दोघांनीही मौन पाळलं. बचत गटाला तर आप्पांनी काही विचारलंच नाही. सात वेळा समज दिली, सात वेळा मी सही केली. तरी शेपट्या फाटतच होत्या. फायटरची स्वतःची शेपटीही किनारीला विरलेली होती, पण मारामारी करणाऱ्याला लागणारच, असं आम्ही दोघांनी ठरवलं. शेवटी आप्पांनी जड आवाजात आदेश काढला, "तडीपार."

बिस्किटांच्या जुन्या काचेच्या बरणीत फायटर स्वयंपाकघराच्या ओट्यावर गेला. माई पोळ्या लाटता लाटता त्याच्याशी अहिराणीत बोलायच्या आणि आप्पा पाणी प्यायला आले की गप्प बसायच्या.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, मी चहाला गेलो. आप्पा टाकीसमोर खुर्चीत होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"सर, बघा जरा. तो नाही तिथे, तरी शेपट्या फाटतायत."

आम्ही दोघं गुडघ्यांवर हात ठेवून बघत बसलो. बराच वेळ काही झालं नाही. बचत गट शिस्तीत इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग त्यातला एक रांगेतून हळूच बाहेर आला, एका गप्पीच्या शेपटीचा कण तोडला आणि पुन्हा रांगेत जाऊन साळसूद झाला. थोड्या वेळाने दुसरा.

मी ओरडलोच, "आप्पा, हे चोर! बघा कसे कोरतायत! थोडं थोडं, कुणाला कळणार नाही असं."

"काय म्हणालात?"

"कोरतायत म्हटलं. शेपट्या."

आप्पांचा हात काचेपर्यंत गेला होता, पण टकटक करायची राहून गेली. मला वाटलं, निकाल चुकल्याचं वाईट वाटलं असेल. माशाच्या निकालाचं इतकं काय मनाला लावून घ्यायचं, असं मी काहीतरी बडबडलो. तेवढ्यात आतून माईंचा आवाज आला. चढलेला नव्हता, पण धार होती.

"सरांना दाखवा ना आता. किती दिन झाकशात?"

आप्पा उठले. टीव्हीवरचं प्रमाणपत्र त्यांनी दोन्ही हातांनी भिंतीवरून उतरवलं आणि फ्रेम उलटी करून मागचा पुठ्ठा काढला. आत चार घड्या घातलेला कागद होता. शेताच्या सरकारी मोजणीचा नकाशा. मला नकाशा वाचता येतो, तेवढाच माझा विषय. पंडितची वहिवाट हद्द ओलांडून नानाच्या शेतात चांगली सहा हात शिरलेली होती.

"नाना गेल्यावर दोन वर्षांनी मोजणी झाली," आप्पा म्हणाले. "तेव्हाच कळलं. पण निकाल दिलेला. बक्षीस मिळालेलं. पेढे वाटलेले. गाव म्हणालं असतं, अध्यक्षच चुकला. नाना ओरडत होता ना, सर. जो ओरडतो तोच भांडखोर, असं धरून चाललो मी."

मला त्या क्षणी आप्पांचा राग आला, खोटं कशाला बोलू. आठ वर्षं हा माणूस तो कागद आपल्या कौतुकामागे दडवून आम्हाला 'बसून मिटवू' सांगत होता. मग त्यांनी फ्रेम पालथीच टेबलावर ठेवली, पुन्हा भिंतीवर लावली नाही, आणि मला राग धरवला नाही.

माईंनी फोन लावूनच आणला होता. त्यांच्याकडे नानाचा नंबर होता; दर पाडव्याला त्यांचं बोलणं व्हायचं, आप्पा देवळात गेले की. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता, कारण माईंना तो कानाला लावायला आवडत नाही.

"बोला वहिनी," पलीकडून आवाज आला. मागे कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं.

"नाना, मी बोली राहिनू," आप्पा म्हणाले.

घंटी थांबली. मी पुढची खुर्ची आप्पांकडे सरकवली. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"नाना, मन्हा घर एक फायटर शे."

"काय शे?"

"फायटर. मासा रे, मासा." मग आप्पा सांगत सुटले. गप्पी, बचत गट, तलाठी, सात वेळा दिलेली समज. दहा वर्षांनी भावाला फोन करून माणूस माशांच्या शेपट्यांबद्दल बोलत होता आणि पलीकडे भाऊ ऐकत होता. "तेन्हा काहीच गुन्हा नव्हता, नाना. दुसराच कोरी राहिंतात. आनि मी तेले बरनीमा टाकं."

मग नानाने विचारलं, "किती दिन?"

"पंधरा दिन."

"मी ते दहा वरीस बरनीमाच शे ना, आप्पा."

आप्पा फोनजवळ वाकले. "मन्हं चुकनं, नाना," ते म्हणाले. "मन्हं चुकनं."

मी चहा अर्धा टाकून खाली आलो. दुसऱ्याचं घर असं उघडं पडलेलं बघत बसायला मला जमत नाही.

बचत गट दुकानदाराला परत गेला, फायटर बरणीतून टाकीत आला. आठवडाभरात गप्पींच्या शेपट्या भरायला लागल्या. पुढच्या रविवारी मला वर बोलावणं आलं. आप्पांच्याच चेहऱ्याचा, पण काळ्या मिशांचा एक माणूस टाकीपुढे उकिडवा बसला होता आणि फायटर गालफडं फुगवून त्याच्या अंगावर येत होता. माणूस म्हणत होता, "काय फुगी राहिना रे? मी काय करं तुले?" माईंनी स्वयंपाकघरात खापरावर मांडे टाकले होते, डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केलेली असताना.

आप्पांनी ती लांबट वही माझ्यापुढे केली. नवं पान होतं. 'अर्जदार : नाना. गैरअर्जदार : मी. गैरअर्जदारास चूक मान्य.' समितीच्या निकालाची जागा कोरी होती.

"पंच म्हणून सही करा, सर."

"निकाल लिहिला नाहीत, आप्पा."

"तो नाना देईल. जेवून झाल्यावर."

मी सही केली. आठवी.