कळपाबाहेरचा लॅपटॉप

आमचे शेजारी रंगनाथअप्पा लॅपटॉप घोंगडीत गुंडाळून, कोकरू धरावं तसा छातीशी धरून आणतात. लॅपटॉप विटेएवढा जाड. बॅटरी कधीच मेलेली, म्हणून चार्जरची वायर मागं लोंबत येते. दारातूनच हाक, "भाऊ, याला तुमच्या कळपात घ्या."

कळप म्हणजे माझं वाय-फाय. अप्पा फुलंब्रीकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. स्वतः मात्र वाळूजला कारखान्यात शिफ्टा करून निवृत्त झाले आणि आमच्या नव्या कॉलनीत भिंतीला भिंत लावून राहायला आले. कॉलनीत घरं भराभर उठली, पाणी काही आलं नाही. त्यात दुष्काळ, सगळा भरवसा टँकरवर. एवढं कमी होतं म्हणून अप्पा!

वाय-फायच्या माझ्या जुन्या डब्यावर त्यांचा लॅपटॉप सुखानं चालायचा. मी नवा डबा बसवला, त्याचं कुलूप नव्या पद्धतीचं, आणि या म्हाताऱ्या यंत्राला ते उघडेना. पासवर्ड बरोबर टाकला तरी ढिम्म.

"अप्पा, नवा घ्या. नाहीतर सरळ फोन वापरा."

"नाय. म्हातारं झालं म्हणून जनावर कळपाबाहेर काढतेत व्हय? तुमचं कुलूपच जरा काढा. त्याला काय होतंय?"

सकाळ-संध्याकाळ हेच. शेवटी वैतागून मी पासवर्ड काढून टाकला. लॅपटॉप जोडला गेला, पण त्याच्याबरोबर अख्खी गल्लीही आली. माझी ऑफिसची मीटिंग बंद पडली आणि टँकरवाला माझ्या नेटवर गाणी ऐकत बसला. मी पासवर्ड परत घातला, तसे अप्पा माझ्या पायरीवर रुसून बसले. उठेचनात.

मग मी माळ्यावरून जुना डबा काढून त्यांना दिला. माझ्या नव्या डब्यापासून त्यांच्या घरी या जुन्या डब्यापर्यंत वायर टाकायची, की झालं. ती कुठून न्यायची हे मात्र अप्पांनी ठरवलं. टँकरचं पाणी गच्चीवर चढवायचा त्यांचा पाइप माझ्या खिडकीवरून जातो. त्यालाच त्यांनी सुतळीनं वायर बांधली. "पानी आन् नेट, दोन्ही एकाच वाटंनं येऊ द्या की!"

दुसऱ्याच दिवशी टँकर जरा पुढं थांबला. तोटीपर्यंत पाइप पोचेना, म्हणून टँकरवाल्यानं हिसडा मारला. पाइपाबरोबर वायर गेली, वायरीबरोबर माझा नवा डबा फळीवरून सुटला आणि थेट माझ्या चहात पडला. मी तणतणत अप्पांच्या घरात शिरलो.

"अप्पा, आता बास! माझा नवा डबा चहात बुडाला!"

पलंगावर अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या, पुढ्यात घोंगडीवर लॅपटॉप. अर्धांगवायूनं काकूंची वाचा गेलेली, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट बटनांवर फिरत होतं. बटनांवर अप्पांनी कागदाचे तुकडे चिकटवून ठसठशीत अक्षरं काढली होती. ती मी आधीही पाहिली होती, पण तोही त्यांचा चक्रमपणाच असेल, असं धरून चाललो होतो.

"फोनवर तिचं बोट घसरतंय," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "याच्यावर बरोबर बसतं. पुन्याच्या पोरीला लिव्हती. तुमचा डबा बदलला तवापासून हातच लावला नव्हता. मला काय लिव्हनार? मी तर समोरच असतो."

माझा आवाज आपोआप खाली आला. एवढ्यात काकूंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. नेट तुटलं तरी लेकीला लिहिणं चालूच होतं.

"काय लिव्हलं? माझा चष्मा नाय," अप्पा म्हणाले.

मी वाचलं, "तुझ्या बापाला डोळे वटारून सांगितलं, पाइपाला बांधू नका. ऐकंल तर शपथ. शेजाऱ्याचं नुकसान केलं. अक्कल नाय या माणसाला."

अप्पा एकदम उठून उभे राहिले. डोळे भरून आले होते आणि चेहरा हसत होता.

"मला रागावली व्हय? लई दिवस झाले हो, मला कुनी रागावलंच नाय. परत वाचा की, भाऊ."

मी परत वाचलं. या वेळी चांगलं मोठ्यानं, काकू रागावत असतील तशा सुरात.