पाठमोऱ्या गाड्या

हिंदुराव पेंटर मोटारींच्या प्रदर्शनात कोणतीही गाडी समोरून बघत नाहीत. मंडपात शिरले की ते सरळ गाडीच्या मागे जातात, दोन्ही हात पाठीशी बांधतात आणि डिकीच्या खालच्या भागाकडे टक लावून उभे राहतात. त्या वेळी उरलेले कोल्हापूर गाडीच्या तोंडाशी उभे राहून फोटो काढून घेत असते.

"काका, फ्रंट बघा की. ग्रिल बघा, लाईट बघा," विक्रेता सांगतो.

"पुढनं काय बघायचं? येताना सगळ्याच चांगल्या दिसत्यात," पेंटर म्हणतात. "जाताना कशी दिसतीया त्ये सांगा."

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नसते.

मी एका स्थानिक दैनिकात बातमीदार आहे. दर हिवाळ्यात शहरात वाहनांचे तीन दिवसांचे प्रदर्शन भरते आणि नव्या गाड्या पहिल्या नजरेत कशा वाटल्या, हे चारशे शब्दांत लिहिण्याचे काम माझ्याकडे येते. पेंटर मंगळवार पेठेत आमच्याच गल्लीत राहतात. त्यामुळे त्यांना प्रदर्शनाला नेण्याचे कामही माझ्याकडेच असते. त्यांचे अभिप्राय मी वहीत उतरवून घेतो. एका अवाढव्य गाडीबद्दल ते म्हणाले होते, "बसलेली म्हस आधी मागनं उठती बघा, तशी हाय." एका छोट्या गाडीबद्दल, "शाळा सुटल्यावर पळणारं पोरगं. मागं नुसतं दप्तर." सर्वांत महागड्या गाडीमागे ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यो बँकेचा सायेब हाय. पाठ फिरली की वळख न्हाय."

यातले एकही वाक्य छापून आलेले नाही. विक्रेते आमचे जाहिरातदार आहेत.

पेंटरांच्या या सवयीचे मूळ त्यांच्या धंद्यात आहे. तीसहून अधिक वर्षे त्यांनी गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवल्या. दुकान म्हणजे एक माणूस बसेल आणि दुसरा उभा राहील एवढी खोली. त्यांनी साचा कधी वापरला नाही. पेन्सिलीच्या दोन रेघा, बारीक ब्रश आणि रोखून धरलेला श्वास, एवढ्यावर ते आकडे काढत. कारागिराची परीक्षा आठवर होते, असे त्यांचे मत आहे. "आठाचं पोट खाली पायजे. वरचं मोठं झालं की त्यो उताणा पडतो." गल्लीतल्या डॉक्टरांच्या गाडीवरचा आठ दुसऱ्या कुणीतरी काढला होता. हाताला कंप सुटला म्हणून पेंटर त्यांच्याकडे गेले, तेव्हा तपासून घेण्याआधी त्यांनी डॉक्टरांना आठ बदलण्याचा सल्ला दिला.

माणसे त्यांना नावाने आठवत नाहीत, नंबराने आठवतात. माझ्या जुन्या स्कूटरचा नंबर बावीस सत्तावन्न होता. ती विकून अनेक वर्षे झाली, पण पेंटरांच्या लेखी मी अजून बावीस सत्तावन्न आहे. गल्लीत ते लांबूनच हाक मारतात, "ओ बावीस सत्तावन्न, च्या घेणार का?" माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना हा प्रकार समजावून सांगताना मला त्रास झाला होता.

त्यांच्याशी रस्त्यात बोलणे कठीण असते. त्यांचे डोळे वाहनांवर असतात. वाक्याच्या मध्येच ते थांबतात, जाणाऱ्या गाडीकडे हनुवटी उडवतात, "माझं हाय," म्हणतात आणि वाक्य पुढे सुरू करतात. गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांच्या अंत्ययात्रेत आम्ही शववाहिकेमागून चालत होतो. सगळे खाली मान घालून होते. पेंटरांनी माझ्या कोपराला हात लावला आणि हळू आवाजात म्हणाले, "तीन वाकलाय." शववाहिकेच्या प्लेटवरचा तीन खरोखर वाकला होता. घरी येईपर्यंत मला दुसरे काही दिसले नाही.

मग यंत्रावर ठोकलेल्या प्लेटा सक्तीच्या झाल्या. साऱ्या गाड्यांवर एकाच वळणाचे आकडे आले. पेंटरांचे काम थांबले. "छापील आठ हाय त्यो. चुकत न्हाय, पण कुणाचाबी न्हाय," एवढेच ते म्हणाले. काही दिवसांनी त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जायला सुरुवात केली. काढून टाकलेली प्लेट ते परत मागत. लोक आश्चर्याने देत. वर्षभरात दुकानाच्या तिन्ही भिंती प्लेटांनी भरल्या. शेजारच्या एकाने भंगारवाल्याचे नाव काढले, त्याच्याशी ते महिनाभर बोलले नाहीत.

"सगळ्या आल्या का?" मी एकदा विचारले.

"एक ऱ्हायलीया."

"कुणाची?"

"हाय एकाची," म्हणून ते रस्त्याकडे बघू लागले.

ती कुणाची, हे गल्लीत कुणीही सांगितले असते. मीच कधी जोडून बघितले नव्हते. पेंटरांना एकच मुलगी, शुभांगी. ती आठवीत असताना तिची आई गेली. पेंटरांनी तिला वाढवले, बी. कॉम. केले. सहा वर्षांपूर्वी तिने तिच्या पसंतीच्या मुलाशी लग्न करायचे ठरवले. मुलगा कोडोलीचा, बौद्ध कुटुंबातला, पुण्यात नोकरीला. पेंटरांनी तीन दिवस दुकान उघडले नाही. चौथ्या दिवशी ते तिला एकच शब्द बोलले, "जा." ती गेली. तेव्हापासून तिचे येणे नाही, फोन नाही. गल्लीने काही दिवस त्यावर चर्चा केली. नंतर गल्लीला इतर विषय मिळाले.

या वर्षी प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी पेंटर सकाळी साडेनऊला माझ्या दारात आले. धुतलेला पांढरा शर्ट, केसांना तेल. प्रदर्शन अकराला उघडणार होते.

"आज जरा काम हाय," ते म्हणाले.

मंडपात गेल्यावर ते नेहमीसारखे प्रत्येक गाडीमागे थांबले नाहीत. म्हशीकडे, बँकेच्या साहेबाकडे त्यांनी बघितलेही नाही. पहिल्या विक्रेत्याला त्यांनी विचारले, "पावणं, पांढरी गाडी, मागं ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत आडवी लाल रेघ पेटतीया. कुठली ती?"

"कनेक्टेड टेललॅम्प म्हणताय काका? आपल्यातच आहे की. ही बघा."

"पेटवा."

"सर, आधी आत बसून तर बघा. सनरूफ दाखवतो."

"आभाळ घरात बसूनबी दिसतंय मला. मागचा दिवा पेटवा."

विक्रेत्याने नाइलाजाने दिवा लावला. गाडीच्या पाठीवर एक बारीक लाल रेघ उमटली. पेंटर मागे सरकत दहा पावले गेले. एका कुटुंबाच्या फोटोत मध्येच उभे राहिले. कुटुंबप्रमुख म्हणाले, "ओ, सरका की!" ते सरकले नाहीत. त्यांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली. मग चेहरा खुलला.

"हीच," ते मला म्हणाले. "लांबनं वळखू येतीया. बरं झालं."

"कुणाची आहे?"

"भाचा पुण्याला गेलता. कुरुंदवाडचा माझा भाचा. त्याला शुभी दिसली सिग्नलला. नवी गाडी घेतलीया. सोता चालवत होती म्हणं. ह्यानं हाक मारंस्तवर सिग्नल सुटला. गाडी कुठली म्हणून विचारलं तर त्या गाढवाला नाव न्हाय ठावं, नंबर न्हाय ठावं. पांढरी हाय म्हणाला, आन मागं लाल रेघ."

एवढे सलग ते माझ्याशी तिच्याबद्दल कधीच बोलले नव्हते. ते पुन्हा गाडीकडे वळले. रेघ कुठे सुरू होते, कुठे संपते, मध्ये तुटते का, हे ते बोटाने हवेत काढत होते. आकडा काढण्याआधी ते असेच करत.

तेवढ्यात शेजारच्या दालनात पडदा बाजूला झाला, कागदाचे तुकडे उडाले, संगीत वाजले. नवी गाडी फिरत्या चौथऱ्यावर हळूहळू वळत होती. पाठ आमच्याकडे आली. पांढरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ.

पेंटरांचे बोट हवेतच थांबले.

"हीबी?"

"आता सगळेच तसं करतात काका," विक्रेता म्हणाला. "ट्रेंड आहे."

मंडपाच्या दुसऱ्या टोकाला आम्हाला तिसरी सापडली. तिच्या विक्रेत्याने न सांगताच दिवा लावून दाखवला. पेंटर तिन्ही गाड्यांमध्ये दोन फेऱ्या घालून आले. पहिलीची रेघ जरा जाड, तिसरीची मध्ये किंचित खाली झुकलेली. जवळून फरक कळत होता. दहा पावलांवरून तिन्ही एकच होत्या, आणि मोटारी दहा पावलांवर थांबत नाहीत.

"चला," ते म्हणाले. दुपारचे दोनही वाजले नव्हते. ते पहिल्यांदाच स्वतःहून निघाले.

पार्किंगमध्ये ते माझ्या शेजारी बसले, पण दार लावायचे विसरले. मी वळसा घालून जाऊन लावले. गाडी सुरू करण्याआधी त्यांनीच विषय काढला.

"त्या पोराच्या गाडीची प्लेट मीच रंगवलीती," ते म्हणाले. "शुभीच्या त्याची. दुकानात बसलाता अर्धा तास. मी म्हटलं, पोरगं शांत हाय. च्या पाजला त्याला. च्या तिनंच आणलाता घरातनं."

त्यांनी समोरची काच तळहाताने पुसली.

"ती गेली तवा मी दारात हुतो. त्याच गाडीतनं गेली. तुमाला सांगतो बावीस सत्तावन्न, पोटची पोरगी चाललीया, आन मला काय दिसलं? आठ. प्लेटवरचा आठ. मनात आलं, झकास आलाय. गाडी वळली, मग कळलं काय चाललंय त्ये. हाक मारायची ती ऱ्हायलीच."

गेल्या सहा वर्षांत त्यांनी रस्त्यावर 'माझं हाय' म्हणत नेमके काय शोधले, ते मला तेव्हा कळले. तो आठ ते कुठेही ओळखू शकले असते. मग प्लेटा बदलल्या आणि हाताची ओळख गेली. आता गाडी बदलली आणि नंबरही गेला. उरली होती ती लाल रेघ, आणि ती मंडपातच तिघींच्या पाठीवर निघाली होती.

मी माझ्या धंद्याला धरून उपाय सुचवला. पुण्यात आमचे कार्यालय आहे. शुभांगीचा ठावठिकाणा काढणे अवघड नाही. पत्ता, फोन, हवे ते दोन दिवसांत मिळेल. तिची हरकत नसेल तर मी आधी तिच्याशी बोलेन.

"नगं," ते म्हणाले.

"का?"

"फोन मिळाला की करावा लागंल. केला आन तिनं न्हाय उचलला, तर?"

"उचलेल."

"तुमाला काय म्हाईत? जा मी म्हटलंतं, तुमी न्हाय."

मी गाडी सुरू केली. आम्ही निघालो. रस्त्यावर गर्दी होती. एका चौकात सिग्नलला आमच्यापुढे एक पांढरी गाडी येऊन थांबली. दुपारचे ऊन होते, तरी चालवणाऱ्याने ब्रेक दाबून धरल्यामुळे मागचा लाल दिवा पेटलेला होता. उन्हामुळे मला नक्की सांगता येणार नाही, पण तो बहुधा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होता. पेंटर पुढे वाकले. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एक चालवणारे आणि एक मागच्या सीटवरचे, लहान. सिग्नल सुटला, गाडी डावीकडे गेली. आम्हाला सरळ जायचे होते.

"पाठीमागं जाऊ का?" मी विचारले.

"नगं. गर्दी हाय." ते सीटला टेकले. मग म्हणाले, "तीन निघाल्या त्येबी बरंच झालं म्हणायचं. एकच आसती तर ही तिची न्हाय म्हणून लगीच कळलं आसतं. आता कुठलीबी तिची आसल."

त्यांना मंगळवार पेठेत गल्लीच्या तोंडाशी सोडले. मला लेख द्यायला कचेरीत जायचे होते. त्यांनी उतरून दार नीट लावले, काचेवर दोनदा थाप मारली आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

मी सोडून निघालो की पेंटर गाडी वळेपर्यंत तिथेच उभे राहतात. ही त्यांची जुनी पद्धत आहे. मला वाटे, ते माझ्या गाडीची तपासणी करतात. एकदा फोन करून त्यांनी सांगितलेही होते, "मागचा डावा दिवा गेलाय तुमचा." मी तो पुढच्याच आठवड्यात बदलून घेतला होता.

आरशात ते हळूहळू लहान होत गेले. हात पाठीशी, मान किंचित तिरकी. वळणाच्या अलीकडे रस्ता पूर्ण मोकळा होता. मी ब्रेक दाबला, आणि थोडा वेळ दाबून धरला.