आगाऊ आभार

झालेल्या कामाबद्दल सगळेच आभार मानतात. आमचे ढमाले अण्णा न झालेल्या कामाबद्दल मानतात, तेही फ्लेक्स लावून.

चिंचवड गावठाणात आमच्या समोरच त्यांचं घर. कंपनीतून रिटायर. मी आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट, त्यामुळे गल्लीतला प्रत्येक मजकूर माझ्याकडे तपासायला येतो. नगरसेवक भाऊंच्या वाढदिवसाला अण्णांनी आणलेला मजकूर असा: 'विशेष मुलांच्या शाळेला गाडी मिळवून दिल्याबद्दल भाऊंचे जाहीर आभार!'

"अण्णा, गाडी कुठंय? गाडीचा निधी तर स्वागत कमानीला गेला!"

"यील की. राव, मागितलं की पुढारी टाळतो. आभार मानले की लाजतो."

गटाराचं झाकण त्यांनी याच पद्धतीने मिळवलं होतं.

फ्लेक्स चौकात लागला आणि भाऊंचा फोन आला. अण्णांनी स्पीकरवर टाकला.

"अण्णा, काढा तो फ्लेक्स!"

"काढतो की. पण तुमचा फोटू हाय भाऊ, वाढदिवसाचा. लोकांम्होरं फाडू का?"

भाऊंनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या खांबावर विरोधी पार्टीच्या इच्छुक ताई झळकल्या: 'गाडी आमच्याच पाठपुराव्यामुळे!' नसलेल्या गाडीचं श्रेय घ्यायला आता दोघं झाले. अण्णांनी ताईंनाही घरी जाऊन आभाराचा नारळ दिला.

तिसरी चाल मुलांच्या आयांची. रिक्षा परवडत नाही म्हणून कितीतरी पोरं घरीच बसलेली. त्या आया सकाळी पोरांना घेऊन थेट भाऊंच्या ऑफिसात. "भाऊ, गाडी कुठं थांबणार?" भाऊंनी पाणी मागवलं, चहा मागवला, शेवटी निवडणूक तोंडावर बघून गाडीही मागवली.

गाडीपुढे दोन्ही पार्ट्यांनी वेगवेगळा नारळ फोडला. भाषणात अण्णांचं नाव कुणीच घेतलं नाही. अण्णा तिथे नव्हतेही. म्हणून मीच पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो.

आत त्यांची लेक सुमन बसलेली. तिशी ओलांडलेली, पण बोलणं दोन-चार शब्दांचं. ती घरातच असते हे गल्लीला माहीत होतं. तिचा आणि शाळेच्या गाडीचा संबंध मात्र कुणी जोडला नव्हता.

"हिची माय कडेवर घेऊन न्यायची शाळंत," अण्णा म्हणाले. "ही जड झाली, माय थकली. माझी फर्स्ट शिफ्ट. शाळा सुटली ती सुटलीच."

"मग आता, अण्णा?"

"आता वय गेलं तिचं. घेत न्हाईत."

बाहेर शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला. सुमन उठली, घाईघाईने चपला शोधायला लागली. "मी? मी?"

कुठल्याही पुढाऱ्यापुढे न अडलेले अण्णा क्षणभर अडले. मग खाली बसून त्यांनी तिच्या चपलांचे पट्टे लावले.

"चल," म्हणाले, "पोरास्नी टाटा करून यू."