दारात अडकलेला टब

"अ‍ॅक्रिलिकचाच घे," असं जॅनेलने नवऱ्याला, आर्लनला, दहादा बजावलं होतं. "सुट्या भागांत येतो, टणक असतो, चकाकीही जात नाही." पण दुकानातल्या माणसाने पाऊण तास घसा कोरडा करून फायबरग्लासचे गुण गायले. त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? अमेरिकेतल्या मिनेसोटात कुणाचं मन मोडत नाहीत; तिथे जन्मलेल्या आर्लनला ते जमणं शक्यच नव्हतं.

टब आला तो शॉवरच्या तिन्ही भिंतींसकट, एकसंध. वजनाला मात्र हलका. म्हणून आर्लनने एकट्यानेच तो न्हाणीघराच्या दारात रेटला आणि तिथेच तो रुतला. आत जाईना, बाहेर येईना.

आणि आत, केस नीट करायला गेलेल्या त्याच्या सासूबाई, आर्डिस, होत्या.

"आर्डिस, ठीक आहात ना?"

"अगदी मजेत रे. तुझं चालू दे."

आर्लनने घड्याळ पाहिलं. दहा वाजले होते. अकराला चर्चमध्ये डोरिसबाईंचा अंत्यविधी. तीस वर्षं चर्चमध्ये एकटीने गायचा मान डोरिसबाईंनी कुणाला मिळू दिला नव्हता. आज पहिल्यांदाच तो आर्डिसकडे आला होता. बातमी कळल्यापासून बिचारी गाण्याचा सराव करत होती. ती पोचली नाही, तर तिच्याऐवजी गायला चर्चमधली लोर्ना टपूनच बसलेली.

त्याने साबण चोळला. चौकट उखडली. खांदा लावला. टब नुसता लवायचा, कुरकुरायचा आणि आणखी घट्ट बसायचा.

"अ‍ॅक्रिलिकचा असता तर..." आतून आवाज आला.

"तर काय?"

"काही नाही. हाही छानच आहे हो."

पावणेअकराला आर्लनने दात-ओठ खात करवत घेतली आणि कोरा करकरीत टब उभा चिरला. पांढरा भुसा नाकातोंडात गेला. फटीतून आर्डिस बाहेर आली. अंगावर काळा झगा, एकही केस विस्कटलेला नाही.

"चला, गाडी काढतो!"

"नको. मला न्यायला पाद्रीबाबा गाडी घेऊन आलेत. खिडकीखाली शिडी धरून उभे आहेत, साडेदहापासून."

"खिडकी!" आर्लन मटकन खालीच बसला. "मग तुम्ही उतरला का नाहीत?"

"तू एवढा राबत होतास रे," आर्डिस हातमोजे चढवत म्हणाली. "मधेच निघून जाणं बरं दिसलं असतं का?"