मास्तरांची दाढ आणि गृहकर्जाचा अर्ज

"अहो, सही कुठे करू?" बायकोने विचारले, तेव्हा मास्तरांनी 'नोकरी केव्हापासून' हा रकाना तळहाताने झाकून खालची रेघ दाखवली. तिने विश्वासाने सही केली.

मास्तर चौथीच्या वर्गाला शिकवत. त्यांच्या एकट्याच्या पगारावर दोन खोल्यांच्या घराला कर्ज मिळत नव्हते आणि घर विकणारा महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. बायकोला दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली होती, नेमणुकीचे पत्रही हातात होते. पण रुजू व्हायचे होते पुढच्या एक तारखेला. सुरूच न झालेली नोकरी बँक कशी धरेल? मास्तरांनी कोणाला विचारले नाही. रकान्यात लिहून टाकले, सहा महिन्यांपूर्वीची तारीख.

तिसऱ्या दिवशी शाळेत फोन आला. "सर, आज चार वाजता आमचा माणूस मॅडमच्या दवाखान्यात पडताळणीला येतोय."

बायकोला सांगायला तोंड नव्हते. अर्धी रजा टाकून पावणेचारला ते दवाखान्यात पोचले. त्या माणसाला दारातच गाठून हातापाया पडायचे, एवढाच बेत. पण बाकावर टेकतात न टेकतात तोच डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"काय होतंय?"

"दाढ," मास्तर म्हणाले. दुसरे काही सुचलेच नाही.

दोन मिनिटांत ते खुर्चीत आडवे झाले होते.

"अगंबाई, चांगलीच किडलीये की! आणि एवढे दिवस अंगावर काढलंत?"

आधी सुई टोचली, मग कापसाचे बोळे कोंबले. जीभ गादीसारखी जाड झाली. तेवढ्यात बगलेत फाइल घेतलेला एक माणूस आत आला.

"डॉक्टर, ह्या मॅडम तुमच्याकडे कामाला आहेत?"

"आँ! आँ!" मास्तर धडपडत उठू लागले.

"हलू नका बघू!" डॉक्टरीणबाईंनी त्यांना खांदा धरून परत निजवले. "एक तारखेपासून येणारेय ती. पत्र दिलंय मी."

संपले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"तेवढंच विचारायचं होतं," फाइलवाला म्हणाला. "पत्र खरं असलं की आम्हाला चालतं. मॅडमनी सकाळीच फोन केला होता. घरी अर्जाची झेरॉक्स वाचली म्हणे. आमच्या ह्यांनी तारीख चुकून लिहिली, म्हणाल्या. वह्या तपासून तपासून दमतात बिचारे."

मास्तरांचे कान तापले. कानांना काही सुईने बधिर केले नव्हते.

फाइलवाल्याने अर्जावरचा फोटो पाहिला, खुर्चीकडे पाहिले, पुन्हा फोटो पाहिला. मग पेन पुढे केले. "तारीख दुरुस्त करून शेजारी सही करा, सर. होईल तुमचं काम."

आडव्यानेच सही झाली. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, हे त्यांचे उपकारच.

मास्तर घरी पोचले तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ते तिच्यासमोर उभे राहिले.

"ताफीख... मी... मुद्दाम..."

"काय म्हणताय? कळलं नाही."

"ताफीख मी मुद्दाम खोती लिहिली. तुला फफवलं."

"जरा सावकाश सांगा."

मास्तर खाली बसले आणि एकेक शब्द सुटा करून पहिल्यापासून सगळे सांगू लागले. अर्ध्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आले, की तिला पहिल्याच वेळी कळले होते. तरीही ते थांबले नाहीत.