नळीतून जाईल असं काहीतरी

दुकानादुकानांतले तराजू आणि काटे तपासायचे, ही त्याची तीस वर्षांची नोकरी. वजनमापे निरीक्षक दाराशी दिसला, की भल्याभल्या दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं. पण हल्ली तो स्वतःच एका काट्याला घाबरून होता. हा काटा डॉक्टरांच्या खोलीत, दारामागे ठेवलेला असे आणि दर शुक्रवारी त्यावर त्याची बायको उभी राहत असे.

झालं होतं असं. बसमधून उतरताना तिचा पाय घसरला आणि ती हनुवटीवर आपटली. जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले, सहा आठवड्यांसाठी. चावणं बंद, बोलणं बंद. जे काही पोटात जायचं ते नळीने ओढून. घरी निघताना डॉक्टरांनी त्याच्या हातात एक लहानशी पक्कड दिली.

"उलटी झाली किंवा श्वास अडकला, तर आमची वाट पाहायची नाही. सरळ तार कापायची."

तेव्हापासून ती पक्कड दोरीला बांधून त्याने गळ्यात घातली होती. (आंघोळीच्या वेळीही. तिला गंज चढू नये म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी.)

दूध तिला लहानपणापासून सोसत नाही. म्हणून भाज्या उकडून गाळलेलं पाणी, सकाळ-दुपार-संध्याकाळ. बाराव्या दिवशी तिने वाटी बाजूला सरकवली ती सरकवलीच. एक्कावन्न किलोंची बाई सेहेचाळीस किलो पाचशे ग्रॅमवर आली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "या शुक्रवारी सेहेचाळीसच्या खाली गेल्या, तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल." त्यावर तिने वहीत दोनच शब्द लिहिले होते, 'नाक नको', आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती. शिवणाचे वर्ग घेणारी, चाळीस मुलींना एका हाकेत गप्प करणारी बाई ती.

बुधवारी सकाळी त्याने रजा टाकली आणि मेहुणीला फोन लावला. बायकोची थोरली बहीण, सगळे तिला ताई म्हणत.

"ताई, नळीतून जाईल असं काहीतरी सांगा. चवीचं. आणि अंगाला लागेल असं."

"अहो भाऊजी, त्यात काय! काजूचं दूध काढा आणि आंबा, केळं, अननस घालून दाटसर स्मूदी करा. माझी सून रोज करते."

"काजूला दूध येतं?"

"भिजवून वाटून गाळलं की येतं. मूठभर काजू घ्या."

"कुणाची मूठ?"

"म्हणजे?"

"तुमची मूठ की माझी? ग्रॅममध्ये सांगा ना."

"भाऊजी," ताई दमलेल्या आवाजात म्हणाली, "तुमच्याच मुठीने घ्या. आणि गाळायला मऊ, विरळ कापड वापरा. धागे राहिले तर नळी तुंबेल."

आपली मूठ त्याने पाच वेळा काजूत घालून प्रत्येक वेळी वजन केलं आणि सरासरी काढली. अठ्ठावन्न ग्रॅम. काजू चार तास भिजवले. मध्ये एकदा शेजारीण भेटायला आली, तिलाही त्याने "अजून छत्तीस मिनिटं" असं सांगून वाटेला लावलं. मग वाटण केलं, बायकोच्या शिवणाच्या कपाटातून पांढरी मलमल काढली आणि पिळली. खाली पातेल्यात खरोखरच दूध उतरलं. शुभ्र, दाट, गोडसर. तो बराच वेळ त्याकडे पाहत राहिला. आपल्या हातून या घरात काहीतरी तयार झालं, ही गोष्ट त्याला नवी होती.

आता फळं. अननस सोलण्यात पाऊण तास आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. (म्हणजे कापली. शिल्लक आहेत.) दोन आंबे, तीन केळी, अर्धा अननस आणि सगळं दूध त्याने मिक्सरच्या भांड्यात घातलं. भांड्यावर एक रेघ होती. इथपर्यंतच भरा, असं सांगणारी. माल रेघेच्या चार बोटं वर गेला होता. रेघ ओलांडली म्हणून लोकांना दंड करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने त्या दिवशी मनात म्हटलं, थोड्यानं काय होतंय? आणि बटण थेट तीनवर फिरवलं.

झाकण कुठे गेलं ते त्याला दिसलं नाही, कारण पुढच्याच क्षणी त्याला काहीच दिसेना. चष्म्यावर आंबा आला. छताला काहीतरी सपकन लागलं आणि थोड्या वेळाने तेच त्याच्या टकलावर परत आलं. बटण सापडेपर्यंत तो "अरे, अरे, अरे!" एवढंच म्हणत होता. मिक्सरला की स्वतःला, देव जाणे.

मिक्सर थांबला. आणि त्या शांततेत त्याला दारातून एक आवाज ऐकू आला. नाकातून येणारा, अडखळता, घुसमटलेला.

त्याने पिवळ्या धुक्यातून पाहिलं. बायको चौकटीला धरून उभी होती. खांदे गदगदा हलत होते. एक हात तोंडावर, डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

श्वास अडकला! त्याने गळ्यातली पक्कड उपसली.

"घाबरू नकोस! मी आहे! तोंड उघड!" (तोंड उघडता आलं असतं तर पक्कड कशाला लागली असती, हे सुचायची ती वेळ नव्हती.)

पक्कड परजत, नखशिखांत आंब्याने माखलेला नवरा चालून आलेला पाहताच ती मागे सरली. दोन्ही हात हलवत जेवणाच्या टेबलाभोवती पळाली. हा मागे. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत तिने वही उचलली, भराभर काहीतरी लिहिलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं.

"मला दिसत नाहीये गं!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

तेव्हा तिने त्याचा चष्मा काढला, गाउनच्या बाहीने नीट पुसला आणि परत त्याच्या नाकावर बसवला. वहीत लिहिलं होतं, 'हसतेय हो!'

तो मटकन खुर्चीत बसला. पक्कड हातातून सुटून गळ्यात लोंबू लागली. तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले.

भांड्यात बरोबर एक ग्लास उरला होता. पहिल्याच घोटाला अननसाच्या धाग्यांनी नळी तुंबली. त्याने तीच मलमल घेऊन सगळं पुन्हा गाळलं. मग ती प्यायली. हळूहळू, डोळे मिटून, तब्बल पंचवीस मिनिटं. तो समोर बसून ग्लासातली पातळी उतरताना पाहत होता. तळाशी खर्रर्र आवाज आला तेव्हा त्याने तीस वर्षांत पहिल्यांदाच मोजायचं सोडून डोळे पुसले.

(शुक्रवारी काटा तीनशे ग्रॅमनी वर गेला आणि नाक वाचलं. पण ते पुढचं. बुधवारचं अजून संपलेलं नाही.)

ग्लास ठेवून तिने वही ओढली आणि लिहायला लागली. एक ओळ, दोन ओळी, अख्खं पान. बारा दिवसांचं मौन, एकतीस वर्षांचा संसार. काय काय साठलं असेल! त्याने घसा साफ केला आणि वाट पाहिली. तिने वही पुढे केली.

'मिक्सरचा प्लग काढा. मग ओटा. मग टाइल्स. छताला शिडी लावून ओलं फडकं, शिडी शेजारच्यांनी धरावी. पंखा उद्या. ही मलमल ताईच्या नातीच्या झबल्यासाठी आणली होती, ते ताईला तुम्हीच सांगा. थंड पाण्यात भिजवून धुवा, घासू नका.'

आणि पानाच्या अगदी तळाशी, एकटाच, एक शब्द. 'छान'.

त्याने त्या शब्दावर बोट ठेवलं.

"खरंच?" तो म्हणाला. "मला वाटलं, केळं जरा जास्त झालं. पण तुला आवडलं, बस! मी रोज करीन. सहा आठवडे संपेपर्यंत. तू नुसतं..."

तिने त्याला थांबवलं आणि बोटाने खूण केली, पान उलटा.

त्याने पान उलटलं.

'पिळून वाळत घाला. चिमटे लावून.'