शस्त्रपरिचय सप्ताह

भीती ही केवळ अपुऱ्या ओळखीतून जन्मते, हे आता सर्वमान्य झाले आहे. बँकेच्या सुरक्षा विभागाने ते परिपत्रक काढून मान्य केले, निःशस्त्र पहारेकऱ्याचे पद रद्द केले आणि चौदा पहारेकऱ्यांना एकेक पिस्तूल व सात दिवसांचा 'शस्त्रपरिचय सप्ताह' दिला. नापास होणाऱ्याने कायमचे घरी बसावे, अशी प्रेमळ तळटीपही होती.

सातव्या दिवशी, सकाळी पावणेसहाला, त्यांतला सर्वांत जुना पहारेकरी उठला. दाढी केली, बुटांना पॉलिश केले, गणवेशाचे सैल झालेले तिसरे बटण बायकोकडून शिवून घेतले आणि चहाला बसला. कपबशीशेजारी रिकामे पिस्तूल होते. (कलम चार : शस्त्र कुटुंबात मिसळू द्यावे.) त्याने ते भिंतीकडे वळवले, उघडले, गोळी बसते ती जागा आधी डोळ्यांनी पाहिली, मग करंगळीने चाचपली.

"अहो, रात्री पाहिलं होतंत ना?" बायकोने विचारले.

"पाहिलं होतं."

"मग?"

"रात्री पाहिलं होतं."

"सव्वीस वर्षांत माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाहीत!"

"तू भरलेलीच असतेस. त्यात काय तपासायचं?"

नेमक्या याच सवयीपायी त्याची नोकरी धोक्यात आली होती. वर्ग घेणाऱ्या उस्तादांचा सिद्धान्त साधा होता : घरच्या माणसाची कोणी झडती घेते काय? म्हणून पिस्तूल उचलताना ते उघडून पाहणाऱ्याचे दर वेळी दोन गुण कापले जात. तिसऱ्या दिवसापर्यंत तेरा जणांनी पाहणे सोडले. चौदाव्याला त्यांनी 'शंकोबा' हे नाव दिले. त्याचे गुण तोवर उणे चाळीस झाले होते.

बाकी सप्ताह कमालीचा यशस्वी ठरला. वर्गाचा सरासरी आत्मविश्वास एकतीस टक्क्यांवरून चौऱ्याण्णवांवर गेला. (तो मोजण्याचा अर्ज ज्याचा त्यानेच भरायचा असे.) पहिल्या दिवशी शंभरांतल्या अठरा गोळ्या लक्ष्याला लागल्या, सहाव्या दिवशी अकरा, मात्र त्या अकरा फारच मोकळेपणाने सुटल्या, अशी नोंद आहे.

समारोपाला उस्तादांनी टेबलावरचे एक पिस्तूल उचलले. "हे बघा शंकोबा, आपलेपणा असा असतो!" असे म्हणून त्यांनी ते प्लायवूडच्या भिंतीकडे रोखले आणि घोडा दाबला.

भिंतीपलीकडे उपाहारगृह होते. भोकातून आधी वाफ आली, मग चहावाल्या मावशींचा आवाज.

"मेल्यांनो, चमचा उचलायला वाकले म्हणून वाचले!"

चौकशी समितीचे काम वीस मिनिटांत आटोपले. किटली प्रशिक्षण क्षेत्राच्या अनावश्यक जवळ ठेवलेली आढळली. गोळी सुटल्यानंतरही उस्तादांचा हात थरथरला नाही, याची गौरवपूर्ण दखल घेतली गेली. मावशींना भीतीवर मात करण्यासाठी पुढच्या सप्ताहात प्रवेश मंजूर झाला.

मग शेवटचा अर्ज आला. 'मला शस्त्राची भीती वाटत नाही', आणि खाली सहीची जागा. तेरा सह्या झाल्या. उस्ताद मनाने वाईट नव्हते. त्यांनी जुन्या पहारेकऱ्याला बाजूला घेतले.

"काका, सही करून टाका. गुणांचं मी बघतो. एका ओळीसाठी नोकरी कशाला घालवता?"

त्याने त्या भोकाकडे पाहिले. मावशींच्या कानाच्या उंचीवर होते. मग त्याने छापील ओळीतला 'नाही' तेवढा खोडला, 'वाटत'चे 'वाटते' केले आणि सही केली. स्वतःचे पिस्तूल तपासून, उघडेच टेबलावर ठेवले. टेबलावरची बाकीची तेरा पिस्तुले एकेक करून भिंतीकडे नव्हे, जमिनीकडे रोखून उघडली. दोहोंतून गोळ्या निघाल्या. त्या त्याने कपाटात ठेवाव्यात तशा नीट उस्तादांपुढे उभ्या ठेवल्या, आपला जेवणाचा डबा उचलला आणि तो घरी गेला.

तेराही जण शाखाशाखांच्या दारात रुजू झाले आहेत. ताठ उभे असतात, पिस्तुलाकडे चुकूनही पाहत नाहीत. त्यांच्या शेजारून आत शिरताना ग्राहकांना किती सुरक्षित वाटते, हेही विभागाने मोजून घेतले : सत्त्याण्णव टक्के. तो अर्ज मात्र पहारेकऱ्यांनी भरलेला नाही. रांगेत उभ्या उभ्या तो आपणच भरला होता.